सरळ रेषेत

आम्हाला सांगितलं होतं, सरळ रेषेत चाला.
होकायंत्राचा काटा उत्तरेला, दोरी पाचशे मीटर,
उजवीडावीकडे दिसेल ते मोजा.
दिसत नाही ते मोजू नका.

झेर्वाझियो पुढे, मी वही घेऊन मागे.
पान्तानालच्या दलदलीत चाळीस वर्षं त्यानं गुरं मोजली,
घोड्यावर बसून, बोटं न दुमडता,
कळप नदी ओलांडताना नुसत्या शिंगांवरून.
आता पाण्याच्या जागी राख, घोट्यापर्यंत,
आणि तो प्रत्येक पावलाआधी काठीनं जमीन ठोकतो,
कारण इथला वणवा वरून विझला
तरी खाली धुमसत राहतो, कुजक्या मुळांच्या थरात.
थंड दिसणाऱ्या जागी हरणाचे पाय गुडघ्यापर्यंत रुततात
आणि मग ते हरीण कुठेच जात नाही.

"साप," तो म्हणतो. मी लिहिते, साप.
"साप. साप. हाही सापच असावा."
पांढरं वेटोळं, मणका न् मणका जागेवर,
कुणी दोऱ्यात ओवून ठेवल्यासारखं.
पेन्सिलीचं टोक लागतं,
नोंद उरते, साप उरत नाही.

आटलेल्या डबक्यात मगरी,
एकमेकींच्या पाठीवर, तोंडं सगळ्यांची एकीकडे,
जिकडे शेवटचं पाणी होतं तिकडे.
"सतरा."
मग काठीनं थोडं उचलून, "खालच्या धरून एकवीस."

दुपारी जळक्या ताडाच्या सावलीत
(सावली कसली, एक काळी रेघ)
तो बैलाच्या शिंगातून गार माते पितो, मला देतो,
आणि माझ्याकडे न बघता म्हणतो,
मीही लावलीय आग. दर ऑगस्टला.
कोवळ्या गवतासाठी, मालकाच्या काडेपेटीनं.
तेव्हा नदी यायची वेळेवर, आग तिच्यापाशी येऊन थांबायची.
आम्हाला वाटायचं, आम्हीच थांबवली.

सोमवारचा मुंगीखाऊ मला झोपू देत नाही.
शत्रू समोर आला की तो मागच्या पायांवर उभा राहतो,
दोन्ही हात पसरून, नखं उघडी टाकून,
जग्वारसुद्धा दोनदा विचार करतो म्हणे.
तो तसाच सापडला. पाठीवर पडलेला,
हात पसरलेले.
आगीनं एकदाही विचार केला नव्हता.

वहीत रकाने आहेत : प्राणी, संख्या, दोरीपासूनचं अंतर.
सर्वांत आधी भरतो तो शेवटचा,
"ओळख पटत नाही."
सावडायला कुणी नाही, निदान मोजायला आम्ही आहोत,
असं मी आईला फोनवर म्हणाले
आणि मलाच ते खोटं वाटलं.

तीनशे चाळीस मीटरवर बीळ.
महाकाय आर्माडिलोचं, मी रांगत आत जाईन एवढं.
झेर्वाझियो काठी खाली ठेवतो, गुडघे टेकतो.
आत जाणारं एकही पाऊल नाही,
ती पावलं आगीनं नेली.
बाहेर येणारी मात्र ताज्या राखेत स्पष्ट :
एका ओसेलॉट मांजराची चार गोल बोटं,
सरड्याच्या शेपटीची ओढ, उंदरांची टिंबं,
आणि एक जड, नखाळ, बहुधा घरमालकाची.
आग वरून जाईपर्यंत
सगळे एका अंधारात बसले होते, कुणी कुणाला न खाता.
किंवा खाऊन. ते राख सांगत नाही.

"हे कुठं लिहू?"
तो बोलत नाही. पावलं जातात त्या दिशेला बघतो.
तिकडे क्षितिजापर्यंत काळं.
एक मुंगीसुद्धा नाही.

मग खिशातून डबा काढतो,
उकडलेलं अंडं, कसाव्याचे दोन तुकडे,
बिळाच्या तोंडाशी ठेवतो, फडकं झटकतो.
नियमात हे बसत नाही. मी दुसरीकडे बघते.
उठताना त्याचा गुडघा कटकन वाजतो.
दोरी पुन्हा ताणतो.

"साप," तो म्हणतो.
मी लिहिते.